एकवीस गुंड्या

“कपडा मरता बेटी, गुंडी नै मरती.”

दादामियाँ दर्जी दातांत सुई धरून बोलायचा, त्यामुळं त्याचे अर्धे शब्द सुईच्या अलीकडं अन् अर्धे पलीकडं सांडायचे. तो परतूरच्या मातीत निजून कितीतरी वर्षं झाली होती. तरी मालनबाईनं मेण लावलेला दोरा बोटांत घेतला, की हा आवाज तिच्या कानाशी येऊन मांडी घालून बसायचा.

त्याच्या हाताखाली आली तेव्हा मालन नऊ वर्षांची होती. बाप जिनिंगात कापसाच्या गाठी उचलायचा अन् लेकीला बाजाराच्या टोकाला दादामियाँच्या दुकानी सोडून जायचा. दुसऱ्या दुकानांत त्यांच्या वस्तीच्या लेकरांनी पायरीखाली उभं राहायचं असे. मालन इथंही तशीच उभी राहिली. दादामियाँनं चष्म्यावरून बघितलं. “नीचे खडी रही तो सुई कौन पकडेगा, तेरा बाप? ऊपर आ.” ती वर गेली, ती लग्न होईपर्यंत उतरली नाही.

निजामाचं राज्य होतं, शेरवान्यांचे दिवस होते. मालन काजं करायची, गुंड्या टाचायची. मग राज्य गेलं. शेरवानी घालून बाजारात हिंडायला माणसं बिचकू लागली. शेरवानीचा कोट करा, कोटाचं जाकीट करा, असं म्हणत गिऱ्हाइकं यायची. कपडा उसवला की जुन्या गुंड्या जमिनीवर टपटपायच्या अन् दादामियाँ त्या वेचून टिनाच्या डब्यात टाकायचा. मालनच्या लग्नात त्यानं तो डबाच तिच्या ओटीत ठेवला. शिंपल्याच्या, शिंगाच्या, हाडाच्या, काचेच्या, काही पितळी नक्षीच्या. “सोना नै है हमारे पास,” म्हणाला अन् नाक शिंकरायला दुकानामागं गेला.

केदारखेड्यात, मालनबाईच्या सासरी, तो डबा वीस वर्षं फळीवर नुसता बसून होता. नवऱ्याच्या, कचरूच्या, सदऱ्याची गुंडी तुटली तेवढाच काय तो त्याचा उपयोग. मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावातल्या बायांचं किडूकमिडूक मोडीत गेलं. आधी कानातलं गेलं, मग गळ्यातला मणी, मग पाण्याची भांडी. खडी फोडायच्या कामावर सगळ्यांचे गळे सारखेच बोडके. एका दुपारी, भाकरी खाऊन बाया लिंबाखाली आडव्या झाल्या होत्या, तेव्हा मालनबाईनं शिंपल्याची एक गुंडी काळ्या दोऱ्यात ओवली अन् गळ्यात घातली. उन्हात ती अशी काही लकाकली, की शेजारची बाई उठूनच बसली.

“ह्ये काय गं मालन? मोती का काय?”

“मोत्याची धाकली बहीण,” मालनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सात जणींनी मागितली. त्या वर्षी गावाच्या पोटात काही नव्हतं, पण बायांच्या गळ्यात गुंडी होती.

तिथून तिचा हात बसला. जुनी गुंडी ओवणं दिसतं तितकं सोपं नसतं. पाठीला कडी असलेली गुंडी ओवली की उलटी पडते, म्हणून दोन गुंड्यांच्या मध्ये गाठ मारावी लागते. गाठ सैल पडली तर माळ लोळते, घट्ट झाली तर लाकडासारखी ताठ बसते. चार भोकांच्या गुंडीला दोरा फुलीनं घ्यायचा. नवं भोक पाडायचं नाही, हा तिचा नेम. गुंडीला जे मिळालंय तेवढ्यातच निभवायचं. कानातल्या कुड्यांना मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडची तांब्याची बारीक तार ती वापरायची. भोकरदनच्या बाजाराला गेली की जुन्या कपड्यांच्या ढिगापाशी बसून गुंड्या निवडायची. लोक म्हणायचे, कचरूची बायको गुंड्यांसाठी कपडे घेती अन् कपडे फेकून देती.

शहात्तरच्या उन्हाळ्यात तिच्या लेकीचं, बेबीनंदाचं, लग्न ठरलं. मुलगा धावड्याचा, वसंता नावाचा, शाळेत मास्तर. बघायला आला तेव्हा त्यानं पोरीला स्वैपाक विचारला नाही, शिवण विचारलं नाही. विचारलं, “सातवीच्या पुढं शिकायचंय का?” बेबीनंदा खाली मान घालून एवढंच म्हणाली, “व्हय.” तो म्हणाला, “मंग दहावीला बसा. मी घेतो करून.” पोरगी त्या दिवसापासून घरात अशी वावरू लागली, जशी पायाला माती लागतच नाही.

सोनं घालायची ऐपत नव्हती. मालनबाईनं डबा पालथा केला. तीन दिवस निवडून त्यातल्या एकवीस गुंड्या बाजूला काढल्या. मधोमध पितळी, दोन्ही अंगांना शिंगाच्या, मग हाडाच्या, अन् मानेकडं जाता जाता शिंपल्याच्या, मोठीपासून बारकीपर्यंत. ओवताना ती आपसूक गुणगुणायची:

*गुंडीमागं बाई गुंडी, मधी गाठ एक एक*
*माळ सरंल जेव्हा गं, तेव्हा जाईल माझी लेक*

म्हणून की काय, शेवटची गाठ मारायला तिनं आठ दिवस लावले.

आता ही गोष्ट मुलाकडं कळवणं भाग होतं. सोनं मिळणार नाही, हे लग्नाआधी सांगितलेलं बरं. पत्र लिहायचं काम तिच्या भावाकडं आलं. काकासाहेब भोकरदनला कचेरीत कारकून. कागद वाया घालवायचा नाही हा त्याचा बाणा, म्हणून त्यानं पोस्टकार्ड घेतलं. चि., सौ., सा. न. वि. वि. यांतच अर्धं कार्ड भरलं. मग तब्येतीची विचारपूस, हवापाणी, अन् अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात: “सोने घालणे आमच्याने होणार नाही, राग नसावा. परंतु मुलीच्या आईने जपलेल्या एकवीस जुन्या गुंड्या मुलीसोबत देऊ.” ‘माळ’ हा शब्द लिहायला जागाच उरली नाही. ते अंगावरचं असतं, कळंल त्यांना, असं म्हणून त्यानं कार्ड पेटीत टाकलं.

लग्नाला अकरा दिवस राहिले होते. पत्रिका छापून आल्या होत्या. काकासाहेब त्या द्यायला धावड्याला गेला अन् दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला तो घामानं निथळत. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला अन् खाली ठेवायचं विसरला.

“आक्का, घोटाळा झाला.”

मालनबाई उठून उभी राहिली. “कुणाचं काही बरंवाईट?”

“न्हाई. त्यांनी घडवंची करून घेतली.”

“कशाची घडवंची?”

“पाण्याची भांडी ठेवायची! चांगली भिंतीएवढी लांब, लिंबाच्या लाकडाची. आक्का, त्यांनी गुंड्या म्हंजे पाण्याच्या गुंड्या धरल्या. पितळेच्या! एकवीस!”

मालनबाई त्याच्याकडं बघतच राहिली. खरंच की. आपल्या मुलखात गुंडी सदऱ्याची अन् गुंडी कमरेवरची, पाणी भरायची, दोन्हींना एकच नाव. कोणती ते पुढच्या शब्दावर कळायचं, अन् पुढचा शब्द काकासाहेबाच्या कार्डावर मावला नव्हता.

“वसंताची माय गोजरबाई, साऱ्या गावाला सांगून राह्यली,” काकासाहेब म्हणाला. “म्हणती, आमची इहीण एकवीस गुंड्या देती, त्याबी जुन्या! म्हंजे वजनदार, आताच्यासारख्या पत्र्याच्या न्हाईत. आणायला बैलगाडी धाडणार हायेत.”

“अन् तू काय केलंस? सांगितलं न्हाईस?”

“माझ्या तोंडात लाडू व्हता, आक्का.”

“मंग गिळायचा व्हता अन् सांगायचं व्हतं!”

“गिळला ना. तवर त्यांनी दुसरा दिला. दुसऱ्यावर तिसरा.”

कचरू कोपऱ्यात बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, “एकवीस पितळी गुंड्या तर तालुक्यात कुणाच्या घरात न्हाईत. कारकुनानं लेखणी उचलली अन् आपल्याला जहागीरदार केलं.” कुणी हसलं नाही, तशी त्यानं बिडी विझवली.

बेबीनंदा दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मालनबाईला तेवढं बघवेना. लोक काय म्हणतील, ते निभावता येतं. लबाड म्हणतील, म्हणू देत. पण पोरीच्या पायाला आत्ता कुठं माती लागेनाशी झाली होती. भर मांडवात बैलगाडी रिकामी उभी राहिली, तर त्या घरात तिला जन्मभर ‘बटनवाली’ म्हणतील. अन् घरातल्या म्हातारीचं मन बिघडलं, तर दहावीचं पुस्तक कोण उघडू देणार?

“मी जाते उद्या,” ती म्हणाली. “माळ घेऊन जाते अन् तोंडानं सांगते.”

“माय, मामाला धाड ना परत,” बेबीनंदा कशीबशी म्हणाली.

“मामानं एकदा कळवलं तेवढं बास झालं.”

सकाळच्या एसटीनं ती निघाली, भोकरदनला गाडी बदलली. माळ रुमालात गुंडाळून पोलक्यात ठेवली होती. रस्ताभर ती मनाशी घोकत होती, घरात शिरल्या शिरल्या सांगायचं. जयभीम करायचा अन् सांगायचं. पाणी घ्यायच्या आधी सांगायचं, म्हणजे पाणी नाही दिलं तरी वाईट वाटायचं नाही.

पण धावड्यात उतरली अन् घर विचारायची पाळीच आली नाही. सुपारीला गोजरबाईसोबत केदारखेड्याला आलेल्या एकीनं दुरून बघितलं अन् ओरडली, “अगं, गुंड्यावाली इहीण आली!” दारात पोचेपर्यंत तिच्यामागं पाच-सहा बाया झाल्या होत्या.

गोजरबाई उंबऱ्यात बसली होती. उंचनिंच, मोठ्या हाडाची बाई, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर बैल थांबावा. मालनबाई अंगणात आली तरी ती जागची हलली नाही. मालनबाई “जयभीम” म्हणाली, तशी मात्र एकदम उठली, दोन्ही हात पुढं करत आली अन् तिचे खांदे धरले.

“इहीणबाई! सांगावा न्हाई, काई न्हाई! या, बसा. ही बघा, ही बघा आधी.”

भिंतीलगत घडवंची उभी होती. ताज्या लाकडाचा कडू वास अजून गेला नव्हता. गोजरबाईनं तिच्यावरून तळवा फिरवत नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जशी गाभण म्हैस थोपटावी.

“तीन थरांत बसतात. सात, सात अन् सात. वसंता म्हणला, माय, एवढी लांब कशाला? म्हणलं, तू शाळा शिकीव.”

शेजारच्या पुष्पाबाईनं तोंडाला पदर लावला. “एवढ्या गुंड्या भरायच्या कुणी पर? नवी सून का वसंता मास्तर? आपल्या हिरीत तरी हाय का तेवढं पाणी?”

“तुझ्या दारावरून न्हेणार न्हाई, तू काळजी नको करू,” गोजरबाई म्हणाली. बाया हसल्या.

मालनबाईनं तोंड उघडलं. “गोजरबाई, मी सांगायला आले—”

“आधी चहा!”

चहा आला. गोजरबाई स्वतःच कपात ओतत होती, एक बोट कपाच्या आत ठेवून. काठाला चहा लागला तशी थांबली, बोट पुसलं अन् कप पुढं केला. मालनबाईनं घोट घेतला. साखर मायेनं दुप्पट पडली होती. तिला वाटलं, ही साखर आता आपल्या घशात अडकणार. तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली, तर एक म्हातारी मध्येच विचारू लागली, गुंड्या कुठल्या, तांबटाच्या का घराण्यातल्या?

काकासाहेबाला लाडवानं गप्प केलं होतं, आपल्याला चहानं करतील. मालनबाईनं कप खाली ठेवला, पोलक्यातून रुमाल काढला, सोडला अन् माळ गोजरबाईच्या हातात ठेवली.

“ह्या एकवीस गुंड्या. मोजून घ्या, गोजरबाई. आमच्याकडं ह्याच हायेत.”

पुष्पाबाई वाकली, डोळे बारीक केले अन् किंचाळली, “अगं बया बया! ही तर बटनं!”

हशा पिकला. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं घडवंचीवर आता कोंबड्या बसवा. मालनबाई मान खाली घालून बसली.

“हसून झालं?” गोजरबाईचा आवाज आला. “झालं आसंल तर उठा. माझ्या इहिणीशी मला बोलायचंय. पुष्पे, तूबी.”

बाया कुजबुजत गेल्या. पुष्पाबाई सगळ्यांत शेवटी गेली, तीही मागं वळून वळून बघत. दोघी समोरासमोर उरल्या. माळ गोजरबाईच्या मांडीवर होती. मालनबाईनं मग सगळं सांगून टाकलं: परतूर, दादामियाँ, टिनाचा डबा, दुष्काळ, भावाचं पोस्टकार्ड, न मावलेला शब्द. एका दमात सांगितलं, कारण थांबलं असतं तर रडू आलं असतं.

“आम्ही फसवलं न्हाई, बाई. चूक झाली. तुमचा राग माझ्यावर काढा, लेकराला त्यात धरू नका. तिला तेवढं दहावीला बसू द्या.”

गोजरबाईची बोटं माळेवरून सरकत होती, एका गुंडीवरून गाठीवर, गाठीवरून दुसरीवर. “ही गार हाय,” ती म्हणाली. “शिंपल्याची?”

“व्हय.”

“ही कोमट लागती. शिंगाची. अन् ही...” ती मधल्या पितळी गुंडीवर थांबली, नक्षीवरून अंगठा फिरवला. “ही राजाच्या कोटाची दिसती.”

“राजाच्या न्हाई, तहसीलदाराच्या.”

गोजरबाईच्या पोटातून आधी गुडगुड आली, मग खांदे हलले, मग ती अशी खदखदून हसली, की छपरावरचा कावळा उडाला. “एकवीस गुंड्या! सात, सात अन् सात! अन् त्या तुमच्या भावाला मी दोन लाडू चारले!”

“तीन म्हणला तो.”

“तीन? मंग एकाचे पैसे घ्या त्याच्याकडून!”

मालनबाईलाही हसू आलं, अन् हसता हसता डोळ्यांतून घळघळा पाणी. रात्रभराचं, रस्ताभराचं सगळं ओझं त्या पाण्याबरोबर उतरलं. अंग असं हलकं झालं, जसा डोईवरचा भारा बांधावर टाकावा अन् मान आपोआप वर जावी. तिनं कप उचलला. चहा गार झाला होता, तरी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

“लगीन ठरल्या दिवशीच व्हईल,” गोजरबाई म्हणाली. “अन् पोरगी दहावीला बसंल. वसंतानं शब्द दिलाय, तो माझाबी हाय. ही माळ घालूनच मांडवात आणा तिला. पुष्पीच्या छातीत कळ आली पायजे.”

“आणते.”

“कोण दुसरी असती तर घरी बसून चिठ्ठी धाडली असती. तुम्ही एवढ्या उन्हात आल्या.” गोजरबाईनं माळ ओंजळीत धरली. हसणं ओसरलं होतं, पण चेहरा अजून मोकळा होता. “खरं सांगू? तुमचा आवाज ऐकला अन् माझ्या काळजाचं पाणी झालं. वाटलं, कुणीतरी सांगितलं ह्यांना. सोयरीक मोडायला आल्या.”

“काय सांगितलं?”

गोजरबाईनं मान वळवली. तिची नजर मालनबाईच्या चेहऱ्यावर न येता, खांद्याच्या जराशी बाजूला जाऊन थांबली. तेव्हा कुठं मालनबाईला, जयभीम ऐकेपर्यंत तिचं उंबऱ्यातून न हलणं अन् कपातलं ते बोट एकत्र दिसलं. ती सरकून जवळ बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

“मला दिसत न्हाई, मालनबाई,” गोजरबाई म्हणाली. बैल थांबवणारा तिचा आवाज आता दोघींपुरताच झाला होता. “दोन वर्षं झाली. आधी धूर वाटायचा चुलीचा. मंग चूल नसतानाबी धूर. मातीचे माठ फोडले तीन अन् वसंताला सांगितलं, मांजर आल्ती. पितळ उन्हात चमकतं, तेवढं कळतं मला, म्हून गुंड्यांचा एवढा सोस केला. कुणाला बोलले न्हाई. आंधळ्या सासूच्या घरात लेक कोण देईल? भोकरदनला डोळ्याचं शिबिर भरतं म्हणं, मोतीबिंदू काढतात. पर तिथं जायचं म्हणलं, तर आधी कुणालातरी सांगावं लागतं ना बाई. आज तुम्हांला सांगितलं.”